एकशे अठ्ठावन्न

आधी ट्यूबलाइट बंद करतो.
ती सेकंदाला शंभरदा पापणी मिटते,
आपल्याला कळत नाही, यंत्राला कळतं,
मग ते कुठलाही आकडा ठोकून देतं.
बॅटरीवरचा माझा पिवळा दिवा पुरे.
ऐरोली, बाजाराच्या इमारतीचं तळघर.
वर कोळणी पाट्या धुताहेत,
त्यांचं पाणी भिंतीतल्या पाइपातून
माझ्या कानामागून खाली जातं.

यंत्र म्हणजे काय, एक चपटा डबा,
त्याला दोन खिडक्या,
मधे बरोब्बर तीस सेंटिमीटर.
छर्रा पहिलीतून गेला की घड्याळ चालू,
दुसरीतून गेला की बंद.
एका सेकंदाचे हजार भाग करा,
त्यातले पावणेदोन.
तेवढ्यात त्याचं सगळं सांगून झालेलं असतं.

एकोणतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
मी मीटरांचा खोटेपणा काढत होतो,
दाबाच्या, प्रवाहाच्या, तापमानाच्या.
कंपनी गेली, तिथे काचेची इमारत आली.
छोटा स्क्रू ड्रायव्हर तेवढा मी खिशातून घरी आणला.
ही चोरी म्हटली तर चोरी.

छर्‍याला कंबर असते.
वर चपटं डोकं, खाली परकरासारखा घेर.
घेराला पोचा पडला की हवा निसटते
आणि छर्रा मागे राहतो,
डोळ्याला न दिसेल इतका, पण राहतो.
म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर
जांभळी नाक्यावरून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर
एकेक तोलतो.
बायको म्हणते, शिशाचे डाग घडवताय का कुणाला?
आणि हात धुतल्याशिवाय
मला पाण्याच्या माठाला शिवू देत नाही.

हर्षालीचे शेवटचे दहा नेम ढासळले होते.
जिल्ह्याची स्पर्धा, पन्नास नेमांपर्यंत ती दुसरी,
मग आठ, आठ, नऊ, सात.
तिच्या बाबांनी टेम्पोच्या हप्त्यातून काढून
चार डब्या आणलेल्या, परदेशी.
"काका, हा लॉटच खराब असेल ना?"
तिने असं विचारलं
की माझ्या तोंडात 'हो' तयारच होता.

रायफल शिकंजात पकडली.
एकशे बहात्तर.
एकशे एकाहत्तर.
बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर.
कुणालाही कंटाळा येईल असे आकडे.
मी त्यांच्यासाठीच जन्मलो असेन.
बावीस झाले. तेविसावा
एकशे अठ्ठावन्न.

ती पुढे वाकली. "बघा! बघा ना!"
पेन्सिलीने मी त्याच्याभोवती गोल केला.
पुढचे सत्तावीस पुन्हा बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर.

वही तिच्यापुढे सरकवली.
तिने त्या गोलावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही.
"हा?"
"हा माझा.
काल रात्री चिमट्यातून सुटला, फरशीवर पडला.
एवढी महागाची वस्तू,
मी फुंकर मारून परत मांडला."

एवढं सांगायला मला
पावणेदोनपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला.

वर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
ती वहीची पानं मागे चाळत राहिली,
जणू मागे कुठेतरी तिचं नाव असेल.
मग म्हणाली,
"शेवटच्या दहांना मी बोर्डाकडे बघत होते.
पहिल्या नंबरच्या मुलीचे आकडे.
बोट घोड्यावर होतं, मी नव्हते."

हे मी लिहून घेतलं नाही.
ते मोजायच्या खिडक्या मला बसवता येत नाहीत,
कुठे बसवायच्या तेही ठाऊक नाही.

ट्यूबलाइट लावली. दोनदा अडखळली, मग लागली.
शिकंजा सैल करून रायफल तिच्या हातात दिली.
तिने चपला काढल्या, पाय रोवले,
तळहात पँटला पुसले.

मी गळ्यातला पंचा काढून
आकडा दाखवणार्‍या काचेवर टाकला.